जॉन डेचा नाडीवैद्य

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या पूर्व भागात, कोरड्या डोंगराळ मुलुखात, जॉन डे नावाचे छोटे गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आसपासच्या कुरणांवरून तिथे रोगी यायचे. बहुतेक गोरे: गुराखी, मेंढपाळ, शेतकऱ्यांच्या बायका. दगडी बांधणीची बुटकी इमारत, पत्रा ठोकलेले जाड दार, अरुंद खिडक्या. आत बसलेला वैद्य चिनी होता. त्याचे नाव इंग हे. गावकरी त्याला डॉक हे म्हणत.

तो आधी काय होतेय ते विचारीत नसे, मनगट हाती घेई. चिनी पद्धतीत प्रत्येक मनगटावर तीन जागी नाडी पाहतात, आधी वरवर आणि मग दाबून. डाव्या हातावर हृदय, यकृत आणि मूत्रपिंडे वाचायची, उजव्यावर फुप्फुसे आणि प्लीहा. तीन बोटांची नाडीपरीक्षा मराठी माणसाला नवी नाही, पण ज्यांनी असा वैद्य पाहिलाच नव्हता त्या ओरेगॉनच्या गुराख्यांना ती विलक्षण वाटे. इंग हेची नाडीवरची हुकमत सांगणाऱ्या कितीतरी आठवणी त्या भागात पुढे अनेक वर्षे चालत राहिल्या.

नाडी झाली की औषध. चिनी वैद्य सहसा एकच वनस्पती देत नाही. नुस्ख्यात एक मुख्य औषध, त्याला जोर देणारी दोन-चार, आणि सगळ्यांना सांभाळून घेणारे एखादे असते. हे शेवटचे काम बरेचदा ज्येष्ठमध करते. आले आणि सुकी बोरेही वारंवार येतात. मुळ्या, साली, बिया छोट्या हातकाट्यावर तोलून एका दिवसाची एक पुडी बांधायची. पुडी मातीच्या भांड्यात पाण्यात उकळायची, गाळून काढा प्यायचा, तोच चोथा पुन्हा उकळून दुसऱ्यांदा प्यायचा. वाटीभर कडू, काळपट द्रव. काही दिवसांनी रोगी परत आला की वैद्य नाडी पुन्हा पाहून एक-दोन द्रव्ये बदलतो. म्हणून जुना नुस्खा शेजाऱ्याला देऊन चालत नाही. चिनी उपचार घेणाऱ्याने चव आणि वेळ, दोन्हींची तयारी ठेवावी लागते.

ग्वांगदोंग प्रांतातला इंग हे 1887 मध्ये जॉन डेला आला. तेव्हा तो पंचविशीत होता. वेळ वाईट होती. 1862 मध्ये शेजारच्या कॅन्यन सिटीला सोने सापडले आणि चिनी खाणकामगारांची रांग लागली. 1879 च्या गणनेत पूर्व ओरेगॉनमध्ये 2,468 चिनी आणि 960 गोरे खाणकामगार होते. त्यानंतर 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांचा अमेरिकाप्रवेश बंद झाला. 1885 मध्ये कॅन्यन सिटीची चिनी वस्ती जळाली आणि लोक जॉन डेला सरकले. 1887 मध्येच हेल्स कॅन्यनमध्ये तीसहून अधिक चिनी खाणकामगारांची कत्तल झाली, आणि त्यासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. अशा मुलुखात एका चिनी माणसाने दवाखाना चालवला, आणि त्याच्या दारी गोरे रोगी आले. या गोष्टीचे महत्त्व मला औषधाच्या गुणापेक्षाही मोठे वाटते.

इंग हेचा भागीदार लुंग ऑन मात्र अगदी वेगळा. इंग्रजी उत्तम, व्यवहारात चतुर. 1880 च्या दशकाअखेरीस दोघांनी काम वाह चुंग ही पेढी घेतली. किराणा, टपाल, मजुरांची भरती, देवघर, रात्रीचा मुक्काम, सगळे एकाच छपराखाली. डॉक हे नाडी पाहायचा आणि लुंग ऑन इंग्रजीत बोलणे सांभाळायचा. पुढे लुंग ऑनने मोटारी विकण्याचा धंदाही केला.

औषधे लांबून यायची: दक्षिण चीन, हाँगकाँग, सॅन फ्रान्सिस्को, आणि तिथून डोंगर चढून जॉन डे. या व्यापाराचे एक टोक आपल्यापर्यंतही पोचते. काश्मीरच्या डोंगरातले कोष्ठ, म्हणजे उपलेट, एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि कलकत्त्याच्या बंदरांतून चीनला जात असे. तिथे ते पोटाच्या तक्रारींवर आणि धुपासाठी वापरत.

डॉक हेची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक, काटेरी तारांनी झालेल्या जखमांतून रक्तात भिनणारे विष. प्रतिजैविके नव्हती त्या काळात असा रोगी बरेचदा हात-पाय किंवा जीव गमावत असे. दुसरी, 1918-19 ची इन्फ्लुएन्झाची साथ. रस्त्याचे काम करणाऱ्या मजुरांना त्याने काढे दिले आणि त्यांतला कोणी दगावला नाही, असे गावात सांगत. या आठवणींना प्रयोगाचे मोल देता येत नाही. बरे झालेले बोलतात, न झालेल्यांचा हिशेब राहत नाही. तरी त्यामुळे त्या खोट्याही ठरत नाहीत.

चिनी औषधांच्या परीक्षेत दोन्ही निकाल आहेत. माहुआंग या चिनी औषधी वनस्पतीमधून जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई यांनी 1885 मध्ये एफेड्रिन वेगळे केले, आणि 1924 मध्ये पेकिंगमधल्या अभ्यासाने त्याला जगभर मान मिळाला. तू यूयू यांनी 1970 च्या दशकात जुन्या ग्रंथातल्या हिवतापाच्या नोंदीवरून आर्टेमिसिनिन शोधले आणि 2015 मध्ये नोबेल मिळवले. उलट 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्याच्या औषधात एका चिनी मुळीऐवजी दुसरीच मिसळली गेली, आणि रोग्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणजे काढ्याइतकाच काढ्यात घालणारा हातही तपासावा लागतो. डॉक हेच्या रोग्यांकडे भरवशाची एकच खूण होती: माणूस ओळखीचा, रोज समोर बसणारा.

1905 मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. शिक्षा झाली नाही. त्याच्या बाजूने उभे राहणारे त्याचेच गोरे रोगी होते. दूरच्या गावांतून पत्रे येत: औषध पाठवा.

1940 मध्ये लुंग ऑन गेला. डॉक हेची दृष्टी अधू होत गेली होती. पडून हाड मोडल्यावर 1948 मध्ये त्याला पोर्टलंडला नेले आणि दुकान बंद झाले. 1952 मध्ये तो वारला. 1955 मध्ये इमारत गावाला मिळाली खरी, पण गावाला तिचा विसर पडला. 1967 मध्ये उद्यानाच्या आखणीच्या वेळी दार उघडले तर पाचशेहून अधिक द्रव्ये, डबे, कागद, देवघर जसेच्या तसे होते. पलंगाखाली रोग्यांचे न वटवलेले धनादेश मिळाले, एकूण 23,000 डॉलरहून जास्त रकमेचे. ज्यांची ऐपत नाही त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, असा त्याचा विचार असावा असे मानतात. 2005 मध्ये या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. औषधांचे ते कपाट मार्गदर्शकासोबत आज पाहता येते.