एका ओळीतली फातिमा

इतिहासाच्या पुस्तकाला अलीकडे निवांत वाचक मिळत नाही. आधी वाद पेटतो, मग पुस्तक उघडले जाते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो आणि घरी मराठी वाचतो. दोन्ही भाषांच्या कपाटांपर्यंत हात पोहोचतो, हीच आमची खरी मिळकत. या कपाटांतून अलीकडे जी पुस्तके आम्ही पुन्हा काढली, त्यांतील बरीचशी कुठल्या ना कुठल्या वादामुळे काढावी लागली. त्यांपैकी एका पुस्तकाची, आणि त्या पुस्तकातल्या एका ओळीची हकिकत येथे मांडायची आहे.

दि. ९ जानेवारी २०२५ रोजी पत्रकार-लेखक दिलीप मंडल यांनी समाजमाध्यमावर जाहीर केले की, फातिमा शेख नावाची कोणी शिक्षिका कधी झालीच नाही. हे पात्र आपणच रचले आणि लोकांत रुजवले. मंडल त्या वेळी केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयात माध्यम सल्लागार होते. ९ जानेवारी हा दिवस फातिमा शेख यांची जयंती म्हणून अनेक ठिकाणी साजरा होतो. २०२२ मध्ये याच तारखेला गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले होते. म्हणजे ज्या दिवशी शाळांत त्यांच्या नावाची भाषणे व्हायची, त्याच दिवशी त्या नव्हत्याच, अशी बातमी आली. दोन दिवस वर्तमानपत्रांत आणि चर्चांत दुसरा विषय नव्हता.

अशा वेळी वाचणाऱ्या माणसाने काय करावे? ओरडणाऱ्यांच्या कुठल्याही गटात न शिरता पुस्तक काढावे. आम्ही 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' काढले. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेला हा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. १८५६, १८६८ आणि १८७७ या सालांची. शेवटचे पत्र जुन्नर भागातील दुष्काळाचे आहे, मधले गावकऱ्यांच्या तावडीतून एका जोडप्याला वाचवल्याचे. आपल्या कामाचे पत्र पहिले, १० ऑक्टोबर १८५६ चे.

त्या वेळी सावित्रीबाई आजारपणातून उठत होत्या आणि माहेरी, सातारा जिल्ह्यातील नायगावला होत्या. भावाने सेवा केली, पण त्याला बहिणीचे आणि मेहुण्याचे काम पसंत नव्हते. महार-मांगांना शिकवणे म्हणजे कुळाला बट्टा, असे त्याचे मत. त्याला आपण काय उत्तर दिले, ते सावित्रीबाई नवऱ्याला कळवतात. आणि याच पत्रात पुण्याची काळजी करताना त्या म्हणतात की, आपण तिथे नसल्यामुळे फातिमाला त्रास होत असेल, पण ती समजूतदार आहे, कुरकुरणारी नव्हे.

बस्स, इतकेच. आडनाव नाही, वय नाही, बापाचे किंवा भावाचे नाव नाही. एका आजारी बाईने दुसऱ्या बाईची केलेली आठवण, एवढाच हा पुरावा.

परंतु ही ओळ नीट वाचली तर ती बरेच सांगते. पहिली गोष्ट, १८५६ साली पुण्यात फुले दांपत्याच्या कामात फातिमा नावाची स्त्री होती. दुसरी, सावित्रीबाई गेल्या की भार तिच्यावर पडत होता. म्हणजे ती अधूनमधून येणारी पाहुणी नव्हती. तिसरी, जोतीरावांना ही फातिमा कोण हे सांगावे लागत नाही. ज्या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही, ते नाव घरातले असते. पडणारे काम शाळेचेच होते असे पत्रात शब्दशः म्हटलेले नाही. ते अभ्यासकांचे अनुमान आहे. पण ते वाजवी अनुमान आहे. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, पुढे आणखी शाळा निघाल्या, १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. या घराचे काम शाळा हेच होते.

आता तारखा पाहू. हा ग्रंथ १९८८ चा. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. समाजमाध्यमांवर कोणी काय रचले याचा हिशेब मांडण्याच्या पुष्कळ आधी फातिमाचे नाव मराठीत, सरकारी मंडळाच्या ग्रंथात छापलेले होते. जे १९८८ मध्ये छापले गेले, ते नंतर कोणी कसे रचणार? वाद इथेच संपायला हवा होता.

तो संपला नाही, याला दुसरी बाजू आहे. तिच्याबद्दल बोलायचे आपल्या लोकांना जड जाते, म्हणून इथे सविस्तर बोलतो.

फातिमा शेख यांच्या नावावर आज जे सांगितले जाते ते त्या एका ओळीच्या किती तरी पट आहे. त्यांचा जन्म ९ जानेवारी १८३१ चा, म्हणजे सावित्रीबाईंच्या जन्मानंतर बरोबर सहा दिवसांनी. उस्मान शेख यांची ती बहीण. जोतीराव-सावित्रीबाईंना १८४९ मध्ये घर सोडावे लागले तेव्हा गंज पेठेत याच उस्मानभाईंनी आसरा दिला. अहमदनगरला सावित्रीबाईंसोबत तिने अध्यापनाचे शिक्षण घेतले. त्या देशातील पहिल्या मुस्लिम शिक्षिका. यातील उस्मान शेख यांच्या आसऱ्याची गोष्ट फुले चरित्राच्या परंपरेत रुजलेली आहे आणि ती त्या काळाशी विसंगत नाही. जोतीरावांची शाळा सुटली होती तेव्हा गोविंदरावांचे मन वळवणाऱ्यांत गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब होते, हे धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. फुल्यांच्या शेजारात मुसलमान होते, आणि ते नुसते शेजारी नव्हते. सावित्रीबाईंच्या शेजारी एक स्त्री बसलेली आहे असे एक जुने छायाचित्र प्रसिद्ध आहे. ती स्त्री फातिमा, ही ओळखही परंपरेने आली आहे. पण जन्मतारखेला त्या काळच्या कागदाचा आधार नाही. भाषणांतून आणि फलकांवरून ती तारीख इतकी पक्की झाली की पत्राची तारीख कोणाला ठाऊक नाही, जन्माची मात्र सर्वांना पाठ.

आपल्या परंपरेत या दुखण्यावर औषध आहे. हदीसच्या अभ्यासकांनी हजार वर्षांपूर्वी रिवायतींची प्रतवारी लावून ठेवली. कोणाकडून कोणी ऐकले, सांगणारा भरवशाचा का, साखळी कुठे तुटते का, हे पाहून ते सहीह, हसन, जईफ आणि मौजू असे दर्जे देत. जईफ म्हणजे कमजोर. मौजू म्हणजे रचलेली. कमजोर रिवायतीला सहीह म्हणणे ही चूक, तशी तिला रचलेली म्हणणे हीसुद्धा चूकच. फातिमाच्या बाबतीत एका बाजूने पहिली चूक केली, दुसऱ्या बाजूने दुसरी. आणि पहिलीने दुसरीला वाट करून दिली. जो जन्मतारखेचा पुरावा मागतो आणि त्याला तो मिळत नाही, तो पुढे सहज म्हणतो की बाईच नव्हती. खोट्या तारखेसोबत खरी ओळ वाहून जाते.

आमच्या वर्गात हा प्रश्न त्याच जानेवारीत आला. आठवीतील एका मुलीने विचारले, "मग फातिमा शेख खऱ्या होत्या की नाही?" वर्ग गप्प झाला. मुली तिच्या नावावर भाषणे करतात. आपल्यासारखे नाव असलेली एक बाई सावित्रीबाईंच्या शेजारी बसते, याचा त्यांना आधार वाटतो. तो आधार काढून घेणे किंवा खोट्या गोष्टीने भक्कम करणे, दोन्ही आम्हाला मान्य नव्हते. फळ्यावर आम्ही तीन रकाने आखले: पत्रात आहे, लोक सांगत आले, पुरावा नाही. एकेक गोष्ट मुलींनीच योग्य रकान्यात लिहिली. पहिल्या रकान्यात एकच ओळ पडली. ती पाहून ती मुलगी म्हणाली, "थोडं आहे, पण खरं आहे." इतिहासाच्या शिक्षकाला यापेक्षा चांगले उत्तर काय मिळणार!

थोडे का, हा मात्र विचार करण्याचा प्रश्न आहे. फातिमाच्याच काळात, त्याच शाळांतून शिकलेली मुक्ता साळवे. मांग समाजातील ही मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या नियतकालिकाने छापला, म्हणून आज दीडशेहून अधिक वर्षांनी आपल्याला तिचा आवाज ऐकू येतो. निबंध छापला गेला नसता तर मुक्ताही एखाद्या पत्रातली एक ओळ राहिली असती, किंवा तीही नाही.

दुसरे उदाहरण आमच्या उर्दू कपाटातले. तय्यबजी घराण्याच्या गोतावळ्यातील अतिया फैजी १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका होण्यासाठी गेल्या. तब्येतीमुळे अभ्यासक्रम अर्धा सोडून १९०७ मध्ये परतल्या. पण तिथून त्यांनी बहिणीला पाठवलेली रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या पत्रात छापली गेली आणि १९२१ मध्ये 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तकरूपाने आली. २०१० मध्ये तिचे इंग्रजी भाषांतरही निघाले. त्यांची एक बहीण नाझली जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम. अतियांनी काय पाहिले, कोणाला भेटल्या, हे आपल्याला दिवसवार वाचता येते. ही अतियांची कमाई आहेच, पण तिच्या पाठीशी घराणे, शिक्षण, छापखाना आणि वाचणाऱ्या बहिणी होत्या. पुण्याच्या पेठेतल्या फातिमाकडे यातले काय होते? अर्धा अभ्यासक्रम केलेल्या शिक्षिकेचे पुस्तक होते आणि भार वाहणाऱ्या शिक्षिकेची एक ओळ उरते, यात कोणाचा मोठेपणा वा लहानपणा नाही. कागद कोणाच्या वाट्याला येतो, एवढाच प्रश्न आहे. म्हणून ज्याच्याबद्दल कागद नाही तो नव्हताच, असे म्हणणाऱ्याने आधी हे सांगावे की त्या काळी कागद कोणाच्या हाती होता.

मधल्या काळात आणखी दोन गोष्टी घडल्या. भिडे वाडा मोडकळीस आला होता. दीर्घ न्यायालयीन वादानंतर डिसेंबर २०२३ मध्ये तो स्मारकासाठी पाडण्यात आला. आणि अनंत महादेवन यांचा 'फुले' हा हिंदी चित्रपट, जो ११ एप्रिल २०२५ रोजी यायचा होता, आक्षेप आणि काटछाटीनंतर २५ एप्रिलला आला. त्यात फातिमाही आहे. पडद्यावरची फातिमा बोलते, चालते, शिकवते. ते पाहून मुलींना आनंद झाला तर आम्हालाही झाला. पण पडद्यावरचे संवाद लेखकाने लिहिलेले असतात, हेही मुलींना सांगितले पाहिजे. भिंती पडल्या, चित्रपट आला आणि गेला. ती ओळ जिथे होती तिथेच आहे. ती वाचण्यासाठी ग्रंथालयात जावे लागते, एवढेच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. फातिमा शेख यांच्यासाठी आपण काही करू इच्छित असू तर त्यांच्या चरित्रात नवी भर घालण्याची गरज नाही. आहे तेवढे नेमके सांगावे, पत्राच्या तारखेसह सांगावे. जयंती हवीच असेल तर १० ऑक्टोबरला ते पत्र वर्गात वाचावे. त्या दिवसाला निदान कागदाचा आधार आहे.

आणि दुसरे काम आपल्या घरातले. फातिमाबद्दल कागद उरला नाही म्हणून आपण हळहळतो, पण आपापल्या गावच्या उर्दू शाळेतील पहिल्या शिक्षिकेचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मालेगाव, भिवंडी, सोलापूर, रत्नागिरी, औसा, मिरज, कुठलेही गाव घ्या. शाळेच्या कपाटात जुनी जनरल रजिस्टरे, हजेरीपट, मस्टर पडून असतात. वाळवी लागते, पावसात भिजतात, एखाद्या सुट्टीत रद्दीत जातात. त्या पानांवर बुरखा सावरत दोन-दोन मैल चालत येणाऱ्या, पंचवीस-तीस वर्षे बाराखडी आणि अलिफ-बे शिकवणाऱ्या बायांच्या सह्या असतात. त्यांच्या विद्यार्थिनी आज आजी झाल्या आहेत, अजून सांगू शकतात. त्यांची नावे, रुजू झाल्याचे साल आणि शिकवलेले वर्ग आत्ताच उतरवून ठेवले, तर शंभर वर्षांनी कोणी त्यांना काल्पनिक म्हणणार नाही. आमच्या शाळेचे जुने मस्टर आम्ही उतरवायला घेतले आहे. वाचकांनी आपापल्या शाळेचे घ्यावे.