मॅटॅडोर गाडीच्या एंजिनाची पुनर्बांधणी
मॅटॅडोर गाडीच्या एंजिनाची पुनर्बांधणी : झिजलेले अंतर्ज्वलन-एंजिन गाडीतून उतरवून त्याचे भाग सुटे करणे, प्रत्येक भागाची झीज मोजणे, झिजलेले पृष्ठभाग पुन्हा समतल व गोल करणे आणि आवश्यक तेथे नवे भाग घालून एंजिन मूळ मापांनुसार जुळविणे, या सर्व क्रियेस एंजिनाची पुनर्बांधणी म्हणतात. महाराष्ट्रातील मिस्त्री व गाडीमालक तिला ‘इंजिन बांधणे’ किंवा ‘हाफ इंजिन’, ‘फुल इंजिन’ करणे असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही क्रिया मोठ्या कारखान्यांपुरती न राहता तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांत, पुष्कळदा मालकाच्या घराच्या अंगणातच, होऊ लागली. आकुर्डी (पुणे) येथे तयार झालेली मॅटॅडोर ही बंदिस्त मालवाहू व प्रवासी गाडी या बदलाचे ठळक उदाहरण आहे.

पूर्वेतिहास : मुंबईत १८९८ मध्ये पहिल्या मोटारगाड्या आल्या. त्या काळच्या एंजिनांत भुजादंडाचे धारवे (बेअरिंगे) जागेवरच ओतावे लागत. कथिल, अँटिमनी व तांबे यांची मिश्रधातू वितळवून ती धारव्याच्या कोशात ओतीत आणि थंड झाल्यावर हाताने खरवडून दंडाशी जुळवीत. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ मध्ये ही मिश्रधातू प्रचारात आणली. खरवडण्याचे काम मुरलेल्या कारागिराचेच होते. दंडाला रंग लावून तो धारव्यात फिरवावयाचा, रंग जेथे उमटेल तो उंचवटा काढावयाचा आणि हे पुनःपुन्हा करावयाचे, अशी ती पद्धत होती. त्यामुळे एंजिन बांधणे हे मोठ्या शहरांतील मोजक्या कार्यशाळांचेच काम राहिले.

१९३० नंतरच्या दशकात पातळ कवचाचे तयार धारवे प्रचारात आले. पोलादी पट्टीवर धारव्याच्या धातूचा थर चढवून ते कारखान्यात नेमक्या मापाचे बनवीत. भुजादंड घासून ०·२५ मिमी. बारीक केला, तर तेवढ्याच मापाची जाड कवचे बाजारात मिळू लागली. सिलिंडरासाठीही अशीच सोय झाली. सिलिंडर पोखरून थोडा मोठा करून मोठ्या मापाचे दट्ट्ये बसविणे किंवा आत नवी नळी (व्यवहारात ‘स्लीव्ह’) ठोकून मूळ मापावर आणणे शक्य झाले. यामुळे कौशल्याचे विभाजन झाले. नेमक्या मापाचे काम यंत्राकडे गेले आणि सुटे करणे, स्वच्छ करणे, मोजणे व जुळविणे ही कामे यंत्रशाळेबाहेर करता येऊ लागली. घरी एंजिन बांधण्याचा पाया या बदलात आहे.

भारतीय परिस्थिती : जनरल मोटर्स या कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत सुट्या भागांतून गाड्या जुळविण्यास सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. १९५३ च्या प्रशुल्क आयोगाच्या शिफारशींनंतर देशात टप्प्याटप्प्याने निर्मिती करणाऱ्या उद्योगांनाच स्थान उरले. नव्या गाड्यांची संख्या मर्यादित, त्यांची प्रतीक्षा दीर्घ आणि परदेशी सुट्या भागांची आयात अवघड, अशी स्थिती पुढील तीन दशके होती. गाडी बदलण्यापेक्षा तिचे एंजिन बांधणे हाच मालकाचा मार्ग होता. दुसरीकडे, एकच नमुना वर्षानुवर्षे फारसा न बदलता तयार होत राहिल्याने एका गाडीवर शिकलेले ज्ञान पुढच्या गाडीस लागू पडे. ग्राहकास जाचक वाटणारी टंचाई कारागिरास मात्र शिकण्यास पुरेसा अवधी देणारी ठरली.

महाराष्ट्रात या ज्ञानाला आणखी एक आधार होता. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डीझेल एंजिने बनविली. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीची स्थापना झाली. विहिरीवरील पंपाच्या एंजिनाची झडप घासणे, कड्या बदलणे, अंतःक्षेपकाची (‘नोझल’ची) फवारणी पाहणे ही कामे शेतकऱ्याच्या बांधावरच होऊ लागली. मोटारीचे डीझेल एंजिन खेड्यात आले, तेव्हा त्याचे तत्त्व तेथे अनोळखी नव्हते.

मॅटॅडोरचा उगम : जर्मनीतील हँबर्ग येथील व्हिडाल उंट झोन या टेम्पो-कारखान्याने १९४९ मध्ये मॅटॅडोर नावाची हलकी मालवाहू गाडी बाजारात आणली. या कारखान्याच्या सहकार्याने १९५८ मध्ये नवलमल कुंदनमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो या कंपनीने मुंबईत गोरेगाव येथे तीनचाकी टेम्पो तयार करण्यास प्रारंभ केला. पुढील दशकात आकुर्डी येथे चारचाकी गाड्यांची निर्मिती सुरू झाली आणि १९६९ पासून मॅटॅडोर तयार होऊ लागली. १९८० नंतरच्या दशकात डाइमलर-बेंझ कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने ओएम-६१६ हे डीझेल एंजिन येथे बनू लागले. मॅटॅडोरचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबले. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स असे झाले. ‘टेम्पो’ व ‘मॅटॅडोर’ ही विशेषनामे मराठीत सामान्यनामे होऊन बसली, यावरून या गाड्यांच्या प्रसाराची कल्पना येते.

ओएम-६१६ हे चार सिलिंडरांचे, सु. २·४ लि. धारणेचे एंजिन आहे. सिलिंडराचा व्यास सु. ९१ मिमी. व दट्ट्याची धाव ९२·४ मिमी. असून भुजादंडास पाच मुख्य धारवे आहेत. झडपा उघडणारा कॅमदंड माथ्यावर असून तो साखळीने फिरतो. इंधन प्रथम एका लहान पूर्वज्वलन-कोठीत फवारले जाते. ही योजना बेंझ कंपनीतील प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये सुचविली होती. संपीडन गुणोत्तर सु. २१ : १ इतके मोठे आहे. डीझेल एंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. म्हणून कड्या व सिलिंडर झिजून दाब कमी झाला की पेट्रोल एंजिनाप्रमाणे केवळ शक्ती घटत नाही, तर थंडीच्या सकाळी एंजिन सुरूच होत नाही. निळसर धूर, वंगण तेलाचा वाढता खप आणि तेल भरण्याच्या तोंडातून येणारे वायूचे झोत ही झिजेची आणखी लक्षणे होत.

खानदेशातील स्थान : जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील पहूर हे जळगाव–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील गाव या स्थित्यंतराचे स्थलचित्र समोर ठेवते. कापसाच्या प्रदेशातून जाणारा सु. ५६ किमी. लांबीचा पाचोरा–जामनेर हा अरुंदमापी लोहमार्ग १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाला. पहूर हे त्यावरील एक स्थानक होते. दोन रुळांमधील अंतर ७६२ मिमी. असलेल्या या मार्गावरील एंजिनांची मोठी दुरुस्ती रेल्वेच्या स्वतःच्या कार्यशाळांत होत असे. गावाचा तिच्याशी संबंध केवळ प्रवासी वा मालधनी म्हणून येई. रस्त्यावरील गाडीने हा संबंध पालटला. ती गावातील माणसाच्या मालकीची होती आणि बिघडली, तर दुरुस्तीची जबाबदारीही त्याचीच होती.

या प्रदेशातील परिस्थिती एंजिनास सोपी नाही. उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते. दक्षिणेस फर्दापूर सोडल्यावर अजिंठ्याचा घाट लागतो. भरलेल्या गाडीचे पाणी चढावर उकळले, की माथा (‘हेड’) वाकतो व त्याखालील गास्केट जळते. काळ्या मातीची धूळ हवागाळणीतून आत गेली, तर ती वंगणात मिसळून कड्या व सिलिंडर घासते. सिलिंडराची सर्वाधिक झीज दट्ट्याच्या धावेच्या वरच्या टोकाशी होते, कारण तेथे उष्णता अधिक व वंगण कमी असते. परिणामी मूळचा गोल सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद आणि किंचित लंबवर्तुळाकार बनतो.

कृती : मॅटॅडोरचे एंजिन पुढील भागात, चालकाच्या शेजारी पेटीसारख्या झाकणाखाली असते आणि गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते. पाणी व तेल काढून टाकल्यावर एंजिन साखळी-कप्पीने उतरवितात. घरी काम करणाऱ्याने पहिला नियम पाळावयाचा तो खुणांचा. संयोगदांडा व त्याची टोपी यांचे छिद्र दोन्ही जोडून एकत्रच कातलेले असते. म्हणून एका दांड्याची टोपी दुसऱ्यास चालत नाही. प्रत्येक जोडीवर सिलिंडराचा क्रमांक कोरून ठेवावा लागतो. खिळे-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत राहिले नाहीत, तर पुढील श्रम व्यर्थ जातात.

दुसरा टप्पा मोजमापाचा. सिलिंडर वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी, परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजतात. भुजादंडाचे प्रत्येक मान सूक्ष्ममापकाने तपासतात. माथ्यावर सरळ पोलादी पट्टी ठेवून तिच्याखाली किती जाडीचे पाते शिरते ते पाहतात. या आकड्यांवरून केवळ कड्या बदलाव्यात, की सिलिंडर पोखरावे, हे ठरते. न मोजता केवळ कड्या बदलल्यास लंबवर्तुळ झालेल्या सिलिंडरात नव्या कड्या सर्वत्र टेकत नाहीत आणि धूर थोड्याच दिवसांत परत येतो.

सिलिंडर पोखरणे व भुजादंड घासणे ही कामे लेथवाल्याकडे, तर अंतःक्षेपण-पंपाचे जुळवण त्यासाठी असलेल्या चाचणीयंत्रावर करावे लागते. पंप व अंतःक्षेपक यांतील भागांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजले जाते. तेथे घरगुती हत्यार चालत नाही. मात्र झडप तिच्या आसनावर लेप लावून हाताने घासणे, कडीच्या दोन टोकांमधील फट सिलिंडरात बसवून तपासणे, धारवे बसविणे, साखळीच्या खुणा जुळविणे आणि माथ्याचे बोल्ट मध्यापासून बाहेर, ठराविक क्रमाने व मोजक्या जोराने आवळणे ही कामे घरी होऊ शकतात. जुळविताना प्रत्येक सरकत्या पृष्ठभागास तेल लावतात. भुजादंड प्रत्येक टोपी आवळल्यावर हाताने फिरतो की नाही हे पाहणे ही सर्वांत सोपी व विश्वसनीय परीक्षा आहे. शेवटी इंधन-नळ्यांतील हवा काढून एंजिन सुरू करतात. पहिले काही शे किलोमीटर गाडी हलक्या भाराने चालवून नंतर तेल बदलतात, कारण नव्या पृष्ठभागांची परस्परांशी सवय होताना धातूचे सूक्ष्म कण सुटतात.

महत्त्व व सद्यःस्थिती : वरील विवरणावरून स्पष्ट होते, की ‘घरी’ बांधलेले एंजिन केवळ घरात बांधलेले नसते. अंगणातील मालक, तालुक्याचा लेथवाला, पंप जुळविणारा आणि सुट्या भागांचा दुकानदार अशा चौघांच्या साखळीवर ते उभे असते. यांपैकी एक कडी तुटली, तरी ते काम थांबते. ओएम-६१६ च्या बाबतीत ही साखळी असाधारण काळ टिकली. त्याचे सुधारलेले वंशज एंजिन फोर्स मोटर्सच्या पुढील गाड्यांत वापरात राहिल्याने या घराण्याच्या एंजिनांचे ज्ञान एकदम निरुपयोगी झाले नाही.

तथापि परिस्थिती बदलत आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ ही उत्सर्जन-मानके लागू झाली. त्यांनुसार बनलेल्या एंजिनांत इंधनाची मात्रा इलेक्ट्रॉनीय नियंत्रक ठरवितो. बिघाड शोधण्यास संगणकाशी जोडलेले उपकरण लागते. या बदलामुळे शहरांची हवा कमी दूषित होते, हा लाभ नाकारता येत नाही. मात्र जुन्या कारागिराच्या कानास व बोटास जे कळे, ते आता यंत्रास विचारावे लागते. २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या मोडणीविषयीचे नियम आले. त्याच वर्षी केंद्र शासनाने प्रथम नोंदणीस ५० वर्षे पूर्ण झालेल्या, वैयक्तिक वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. साठा, सांगाडा किंवा एंजिन यांत मूळ रूप बदलणारे फेरफार झालेले नसावेत, ही त्यातील महत्त्वाची अट आहे. अशा गाड्या नेहमीच्या वा व्यापारी वापरासाठी चालविता येत नाहीत.

या अटीने पुनर्बांधणीस नवा अर्थ दिला आहे. पूर्वी मॅटॅडोरमध्ये मिळेल ते एंजिन बसविणे हा व्यवहार होता. मालवाहतूक चालू राहणे महत्त्वाचे होते. आता जुनी गाडी राखू इच्छिणाऱ्यास मूळ एंजिनच मूळ मापांवर आणावे लागते. १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांतील मॅटॅडोर वयाच्या दृष्टीने ५० वर्षांची मर्यादा ओलांडून गेल्या आहेत. परंतु त्या आयुष्यभर मालवाहू म्हणून राबल्या आणि अखेरीस भंगारात गेल्या. श्रीमंतांच्या मोटारींप्रमाणे त्या कोणी राखून ठेवल्या नाहीत.

पहूरच्या अरुंदमापी मार्गावरील प्रवासी वाहतूक २०२० मध्ये बंद झाली व नंतर मार्गाच्या रुंदीकरणाचे काम हाती घेण्यात आले. रेल्वेच्या एंजिनांचे नमुने संग्रहालयांत राहतात, त्यांचे आराखडे दप्तरी असतात. अंगणात बांधलेल्या एंजिनाची नोंद मात्र कोठे नसते. ती मिस्त्रीच्या वहीत, त्याने लिहून ठेवलेल्या मापांत आणि त्याच्या हाताखाली शिकलेल्या मुलाच्या स्मरणात असते. ग्रामीण महाराष्ट्राच्या यांत्रिक इतिहासाचे हे साधन नाशवंत आहे. एखादी जुनी मॅटॅडोर पुन्हा सुरू होते, तेव्हा गाडीबरोबर ही मापे व कृतीही पुढच्या पिढीच्या हाती येतात. म्हणूनच अशा पुनर्बांधणीची तपशीलवार नोंद ठेवणे हा तंत्रविद्येच्या इतिहासलेखनाचा आवश्यक भाग ठरतो.