वैकुंठ: ख्रिस्तपुराणातला एक रोजचा शब्द

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव निघाले की मराठी वाचकाला आठवतात त्या मराठीची थोरवी गाणाऱ्या चार-दोन ओव्या. पाठ्यपुस्तकांनी आणि भाषादिनाच्या भाषणांनी त्या इतक्या घोकून घेतल्या, की जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ‘ख्रिस्तपुराण’ हा मूळ ग्रंथ त्यांच्यामागे झाकला गेला. 1549 च्या सुमारास इंग्लंडात जन्मलेला आणि 1579 मध्ये गोव्यात उतरलेला हा जेझुइट धर्मगुरू मराठीत किती मुरला होता, हे त्या स्तुतीवरून ठरवता येत नाही. स्तुती परकाही करू शकतो. खरा पुरावा ग्रंथभर विखुरलेल्या एका साध्या, कोणाच्याही तोंडी असणाऱ्या शब्दात आहे. तो शब्द म्हणजे वैकुंठ. आदामाच्या कथेपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत भक्ताचे अंतिम धाम म्हणून हाच शब्द परत परत येतो, आणि देवालाही त्याच धामाचा राजा म्हटलेले आढळते. मराठी पुराणाची परंपरा स्टीफन्सने वरवर उसनी घेतली नाही, तिच्या आतून तो लिहीत होता, हे या एका शब्दाच्या वावरावरून दाखवता येते, असे माझे म्हणणे आहे.

आधी श्रोता कोण होता ते पाहू. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, पुढे बांदा, पत्रादेवी आणि मग गोवा. आज मध्ये राज्याची सीमा आहे, पण पुराण ऐकण्याची सवय ती सीमा ओळखत नाही. घाटाखालच्या गावांतल्या जत्रांत दशावतार रात्रभर रंगतो. कार्तिकात वैकुंठ चतुर्दशी येते. आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या शिवस्थानाशेजारी वाढलेल्या माणसालाही ‘वैकुंठवासी’ हा शब्द परका वाटत नाही. गोव्यातल्या साष्टीतली माणसे याच सवयीत वाढलेली होती. ती ख्रिस्ती झाली, जुनी पुराणे त्यांच्या हातून काढून घेतली गेली, पण ऐकण्याची भूक राहिली. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच्या भागातच एक नवख्रिस्ती श्रोता पाद्रीला विचारतो, की जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला नवे का देत नाही? ग्रंथ त्या मागणीचे उत्तर म्हणून उभा राहिला. 1616 मध्ये तो साष्टीतल्याच रायतूरला छापला गेला, तोही रोमन लिपीत, कारण तिथल्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. स्टीफन्सला कोकणी उत्तम येत होती. त्याने त्या भाषेचे व्याकरण लिहिले आणि प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षणही तिच्यात दिले. पुराणासाठी मात्र त्याने मराठी आणि ओवी निवडली, कारण या मुलखात पुराण मराठीतच ऐकले जाई.

आता त्याच्या हातातली मूळ सामग्री पाहू. त्याच्यासमोर लॅटिन बायबल होते. त्यात आकाश आणि देवाचे धाम या दोहोंना एकच शब्द आहे, ‘केलुम’. पण त्याच्या मागे आणखी एक लॅटिन परंपरा उभी होती, महाकाव्याची. जेझुइट शाळांत व्हर्जिल शिकवला जाई. व्हर्जिलच्या ‘ईनिड’मध्ये नायकाला ‘पिउस’ हे विशेषण वारंवार लागते. देव, वडील आणि कुटुंब यांच्याविषयीची कर्तव्यनिष्ठा सांगणारा हा शब्द रोमन माणसाच्या नेहमीच्या बोलण्यातला होता, आणि त्याच्या पुनरावृत्तीतून सगळ्या काव्याला एक नैतिक धागा मिळतो. पुढे ख्रिस्ती लॅटिन कवींनी हीच काव्यभाषा ख्रिस्तकथेसाठी वापरली. चौथ्या शतकातल्या युवेंकुसने ज्युपिटरचे ‘गर्जना करणारा’ हे विशेषण ख्रिस्ती देवाला लावले. 1535 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्को जिरोलामो व्हिदाच्या ‘ख्रिस्तियाद’मध्ये स्वर्गाला ऑलिंपस म्हटलेले आहे. ऑलिंपस म्हणजे ग्रीकांच्या देवांचा पर्वत, आणि व्हिदा तर ख्रिस्ती धर्मगुरू. त्याने तो शब्द घेतला, कारण महाकाव्यात उंचावरच्या धामाला तेच नाव शोभते असे त्याच्या वाचकाला वाटत होते. रायतूरमध्ये बसून स्वर्गाला वैकुंठ म्हणणाऱ्या कवीची कृती याच जातीची आहे. लॅटिन कवीला जे ऑलिंपस, ते मराठी कवीला वैकुंठ. हिंदुस्थानात आल्यावर सुचलेली ही तडजोड नव्हती. ख्रिस्ती महाकाव्याची जुनी रीत इथे मराठी ओवीत उतरली.

यावर पहिला आक्षेप असा, की हे धर्मप्रसाराचे डावपेच होते आणि ओळखीच्या शब्दाचे आमिष दाखवून श्रोत्याला फसवले गेले. ज्या पोर्तुगीज राजवटीत हा ग्रंथ आला तिच्या जुलमावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. मंदिरे पाडली गेली, ग्रंथ नष्ट झाले, 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशन बसले. पण आमिष लागते ते बाहेरच्याला, आणि हा ग्रंथ होता आधीच बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. त्यांना वैकुंठ कोणाचे आणि आपण आता कोणाला शरण गेलो आहोत, हे पक्के ठाऊक होते. शिवाय छपाईला धर्माधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घ्यावी लागली. श्रद्धेतला बारीकसा फरकही टिपणाऱ्या त्या नजरेखालून हा शब्द सुटला नसणारच. त्यांनी तो राहू दिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्टीफन्स इतका मराठी होता, तर त्याने ‘स्पिरित सांत’ (पवित्र आत्मा) किंवा बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांची नावे परकीच का ठेवली? ही निवड नीट पाहिली तर तिच्यातला विचार दिसतो. सिद्धान्त जिथे काटेकोर सांगायचा तिथे त्याने चर्चचा शब्द हलवला नाही, कारण तिथे जुन्या अर्थाची सरमिसळ त्याला परवडणारी नव्हती. कथा, भाव आणि भक्ताची आस जिथे सांगायची तिथे मात्र त्याने श्रोत्याचा शब्द घेतला. मराठी कमी येणारा माणूस सगळेच शब्द परके ठेवतो आणि शैलीत रमणारा सगळेच बदलतो. कुठे अर्थ बांधून ठेवायचा आणि कुठे तो श्रोत्याच्या स्मरणावर सोपवायचा, हे फक्त भाषेत मुरलेल्याला कळते.

तिसरे म्हणणे असे, की वैकुंठ हा त्या काळी स्वर्गासाठीचा नुसता सर्वसाधारण शब्द होता, मग त्यात विशेष काय? विशेष तेच आहे. एकनाथांचे भागवत 1573 मध्ये पुरे झाले आणि ख्रिस्तपुराण छापले गेले तेव्हा, रूढ जन्मवर्ष धरले तर, तुकाराम आठ वर्षांचे होते. भक्तिपरंपरेने तो शब्द विष्णूच्या लोकापासून सुटा करून सामान्य माणसाच्या आशेचे नाव केला होता, आणि स्टीफन्सला तो याच रूपात भेटला. म्हणूनच तो श्रोत्याच्या कानाला अडखळत नाही. गोव्यातले कोकणी ख्रिस्ती आजही नरकाला ‘यमकोंड’ म्हणतात. त्यांच्यातल्या कोणाला तो म्हणताना यमाची पूजा केल्यासारखे वाटत नाही. शब्द असाच नवा संसार मांडतो.

ग्रंथाचे पुढचे आयुष्यही हेच सांगते. 1649 आणि 1654 मध्ये तो पुन्हा छापला गेला, पण त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. तरीही मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, आणि त्यांच्याच आधारे 1907 मध्ये जे. एल. सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. छापखाना आणि राजसत्ता दोन्ही पाठीशी नसताना अडीच शतके कोणी हाताने उतरवून घेतो, ते आपले वाटणारे पुस्तकच. सालढाणांच्या आवृत्तीलाही आता शंभरावर वर्षे झाली, आणि आपण अजून त्याच चार स्तुतीच्या ओव्या उद्धृत करतो आहोत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात स्टीफन्सची जागा परदेशी चाहत्यांच्या यादीत नाही. एकनाथ आणि तुकाराम यांच्यामधल्या काळात, त्यांच्याच शब्दांनी वेगळ्या देवाची कथा सांगणारा पुराणकार म्हणून त्याला वाचले पाहिजे, आणि ते वाचन त्या चार ओव्यांच्या पुढे जाऊन सगळ्या ग्रंथाचे असले पाहिजे.