सूत कातणारीचं नाव

आमच्यातल्या एकीच्या मुलीला कॉलेजच्या पुस्तकात एक इंग्रजी शब्द अडला, स्पिन्स्टर. डिक्शनरीत अर्थ होता, लग्नाचं वय उलटून गेलेली बिनलग्नाची बाई. ऐकूनच टोचलं. मग आम्ही त्याचं मूळ शोधलं, तर वेगळंच निघालं.

'स्पिन' म्हणजे सूत कातणं. जुन्या इंग्रजीत कामाच्या शब्दाला 'स्टर' जोडलं, की ते काम करणारी बाई असा अर्थ व्हायचा. म्हणजे स्पिन्स्टर ही नुसती सूत कातणारी! चौदाव्या शतकात इंग्लंडात हा शब्द याच अर्थाने चालायचा. एका मागाला सूत पुरवायचं तर कातणाऱ्या कितीतरी जणी लागत. लग्न झालेल्याही कातायच्या, पण जिला नवऱ्याचा आधार नाही तिचं पोटच त्यावर. सरकारी कागदांत पुरुषाच्या नावापुढे धंदा लिहीत, तसं बाईच्या नावापुढे स्पिन्स्टर लिहीत. होता होता सतराव्या शतकात कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थच 'अविवाहित' झाला. काम गळालं, लग्न झालंय का एवढंच उरलं. पुढे 1764 च्या सुमारास हारग्रीव्हजने आठ चात्यांचं 'जेनी' यंत्र काढलं, मग गिरण्या आल्या आणि घरोघरचे चरखे थांबले. शब्द मात्र टोमणा म्हणून चालूच राहिला.

गंमत म्हणजे वेबस्टर ही विणणारी आणि ब्रूस्टर ही बिअर बनवणारी. ही पुढे चक्क पुरुषांची आडनावं झाली. डिक्शनरीवाल्या वेबस्टरचंही त्यातलंच. त्यांना कोणी हसलं नाही!

इंग्लंडात लग्नाच्या नोंदीतून स्पिन्स्टर हा शब्द निघाला तो थेट 2005 साली.

आपल्याकडे तरी काय? कुंभारीण म्हटलं की कुंभाराची बायको असंच आपण समजतो. माती मळायला, मडकी उन्हात मांडायला तीही असतेच ना?

हे बोलताना आम्हांला आमचेच कर्जाचे अर्ज आठवले. व्यवसायाच्या रकान्यात आम्ही सगळ्यांनी 'घरकाम' लिहिलं होतं. आमच्यातल्या एकीकडे अकरा शेळ्या आहेत, दुसरी वर्षभर खुरपायला जाते, तिसरीच्या शिलाई मशीनवर अर्ध्या गावाचे ब्लाउज शिवून होतात. नवे अर्ज पुढच्या सोमवारी भरायचे आहेत. या वेळी पेन आमच्याच हातात असेल.