रमाबाईंचा भरवसा आणि केडगावच्या विहिरी

५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ साली याच दिवशी आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावात त्यांनी देह ठेवला. दरवर्षी या तारखेला त्यांचा फोटो मोबाईलवर फिरतो. खाली दोन ओळी असतात: स्त्रीशिक्षणाच्या अग्रदूत, विनम्र अभिवादन. मग कुणीतरी धर्मांतराचा वाद उकरून काढतो, दोन-चार कमेंटी कडक होतात आणि संध्याकाळपर्यंत विषय संपतो.

या गडबडीत बाईंच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रश्न राहून जातो. देवाच्या भरवशावर बसलेलं आपलं घर सोळाव्या वर्षी उपासमारीनं संपताना ज्या मुलीनं पाहिलं, तिनं पुढं पुन्हा देवावर भरवसा ठेवला तरी कसा? आणि ठेवला तोही असा, की पुढच्या वर्षीच्या पैशाची सोय नसताना तिनं शेकडो उपाशी मुली घरात आणल्या. आज थोडं लांबलचक लिहितोय, पण वाचा.

आधी तो दुष्काळ.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला. मग पश्चिम घाटात गंगामूळच्या रानात घर बांधून राहिले. तिथंच १८५८ साली रमाबाई जन्मल्या. पुढं हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. देवळात पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर जगायचं. गाठीला होतं ते देवाला आणि दानधर्माला गेलं. श्रद्धा अशी, की आपण देवाचं करतोय तर देव आपल्याला उपाशी ठेवणार नाही.

१८७४ च्या आसपास दक्षिणेत दुष्काळाचे दिवस आले तेव्हा हे लोक पार उघडे पडले. दागिने गेले, चांदीची भांडी गेली, मग तांब्या-पितळेची गेली. भीक मागायची लाज आणि मजुरीची सवय नाही. शेवटी रानात शिरले. अकरा दिवस पाणी आणि झाडपाल्यावर काढले, असं रमाबाईंनीच पुढं लिहून ठेवलंय. काही महिन्यांच्या अंतरानं वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. मागं उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास.

ही दोघं पायी उत्तरेकडे निघाली. झेलम नदीकाठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे खणून, डोकं तेवढं बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून झोपली. १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथं विद्वानांनी तिची परीक्षा घेतली, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरव केला. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी तिनं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. १८८२ मध्ये कॉलऱ्यानं नवराही गेला. चोविशीही पुरी झाली नव्हती, कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी, आणि माहेरचं-सासरचं म्हणावं असं कुणी नाही.

यानंतरचा प्रवास बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. पुण्यात आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष, मग इंग्लंड. १८८३ साली वाँटेजला बाप्तिस्मा. पुढं अमेरिका, तिथं बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे आधीच्या गोदूबाई, याच शारदा सदनातल्या पहिल्या मुलींपैकी.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. बाप्तिस्मा झाला म्हणून बाई एका दिवसात भाविक झाल्या, असं घडलं नाही. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी त्या पत्रांतून कडाकडा वाद घालत होत्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, तो सापडायला आणखी आठ वर्षं गेली, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं. म्हणजे डोक्याला आधी पटलं, मनाला फार उशिरा.

त्याच काळात त्यांच्या वाचनात काही चरित्रं आली. त्यातलं एक होतं जॉर्ज म्युलरचं. हा मूळचा प्रशियाचा माणूस. १८३६ पासून इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात अनाथ मुलांसाठी घरं चालवायचा. पुढं त्याच्याकडं एका वेळी दोन हजार मुलं होती. त्याचा नियम असा, की पैशासाठी कुठल्याही माणसापुढं हात पसरायचा नाही, फक्त प्रार्थना करायची. पण हाच माणूस आलेल्या पै-पैची नोंद ठेवून दरवर्षी जमाखर्च छापायचा. ब्रिस्टलमध्ये जे घडतं ते हिंदुस्थानात घडेल का, हा प्रश्न बाईंना पडला.

त्याचं उत्तर त्यांना आपल्या भागात मिळालं.

बोस्टनच्या मंडळींची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. दरम्यान १८९३ मध्ये पुण्यात मोठं वादळ झालं. सदनातल्या मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांना ख्रिस्ती करण्याचा डाव आहे, असा आरोप झाला. ‘केसरी’नं झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सुधारकी माणसंही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू असं सांगून संस्था काढली होती, त्यामुळे लोकांचा राग उगाच नव्हता, हेही मान्य केलं पाहिजे.

आता भरवसा ठेवणाऱ्या बाईनं काय केलं? केडगावला रेल्वेलाईनजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. हिशेब साधा होता: उद्या परदेशातून पैसा आला नाही तर बागेच्या उत्पन्नावर सदन चाललं पाहिजे. दौंड भागात पाऊस किती पडतो ते आपल्याला ठाऊक आहे. अशा ठिकाणी विहीर खोदणं म्हणजे देवावर अविश्वास, असं त्यांना कधी वाटलं नाही.

१८९६ मध्ये दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या आणि बाई स्वतः तिकडं गेल्या. तिथं त्यांना काय दिसलं असेल? आपलेच बावीस-तेवीस वर्षांपूर्वीचे दिवस. हाडांचे सापळे झालेल्या मुली, पोटासाठी विकल्या जाणाऱ्या मुली, मदत केंद्रावरच्या माणसांच्या तावडीत सापडलेल्या मुली. शारदा सदनात जागा होती ती पन्नास-साठ जणींची. बाईंनी तीनशे मुलींना आणायचं ठरवलं आणि आणलं.

तोवर पुण्यात प्लेग आला होता. नव्या माणसांना शहरात ठेवायला सरकारची बंदी. मग या मुली केडगावच्या शेतावर, तंबूत आणि झोपड्यांत. फळबाग काढली होती ती संस्थेच्या खर्चासाठी, तिचं गाव झालं. हेच मुक्ती सदन.

प्लेगच्या त्या दिवसांतली आणखी एक गोष्ट. प्लेगच्या इस्पितळांत बायकांना कशी वागणूक मिळते, यावर रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकार चिडलं, गव्हर्नरनं आरोप फेटाळले, प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. राज्यकर्ते ख्रिस्ती, बाईही ख्रिस्ती. देव बघून घेईल म्हणून त्या गप्प बसू शकल्या असत्या. बसल्या नाहीत.

पुढं १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला गुजरातेत अजून छप्पनिया म्हणतात. पुन्हा शेकडो मुली-बायका आणल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीत दीड हजारावर माणसं होती. आज एखाद्या आश्रमशाळेत दोनशे पोरांचं जेवण वेळेवर होत नाही म्हणून आपण बातम्या करतो. त्या काळात, त्या माळावर, रोज दीड हजार ताटं!

आम्हा पत्रकारांना सवय असते, पैसा कुठून आला ते आधी बघायचं. तर तो आभाळातून पडला नाही. अमेरिकेतून, इंग्लंडातून, ऑस्ट्रेलियातून देणग्या येत होत्या. १८९८ मध्ये बाई स्वतः अमेरिकेला जाऊन आल्या आणि मदतीची नवी व्यवस्था लागली. ‘मुक्ती प्रेयर बेल’ नावाचं पत्रक निघायचं, त्यातून इथली हकिकत बाहेर पोचायची. ज्यांना हे सगळं फक्त परदेशी पैशाचं काम वाटतं, त्यांना मी एवढंच म्हणेन की मुली आधी आल्या, पैसे नंतर. जवळ खात्री असती तर पन्नास मुलींवर थांबणं शहाणपणाचं होतं. भरवसा लागला तो त्या पन्नासच्या पुढं जायला.

आणि मुलींना नुसतं प्रार्थनेला बसवलं नाही. शेती, गुरं, विणकाम, तेलघाणा, छापखाना, शाळा. आंधळ्या मुलींची वेगळी शाळा, त्यात मनोरमाबाईंनी जीव ओतला. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही मुक्तीतल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं.

आता अवघड भाग. देवानं राखलं म्हणायचं, तर जे गेले त्यांचं काय? दुष्काळातून आणलेल्या कित्येक मुली खायला मिळाल्यावरही वाचल्या नाहीत, शरीरंच संपली होती. आणि बाईंच्या आयुष्याच्या शेवटी, २४ जुलै १९२१ ला, एकुलती एक मनोरमा गेली. संस्था तिच्या हाती द्यायची होती. नऊ महिन्यांच्या आत बाईही गेल्या.

ख्रिस्ती घरांत संकटाच्या वेळी स्तोत्रसंहितेतलं ९१ वं स्तोत्र वाचतात. देवाच्या आसऱ्याला राहणाऱ्याला मरीचंही भय नाही, असा त्याचा भाव. कोविडच्या वेळी आपल्या भागातही ते किती घरांत वाचलं गेलं असेल. पण शुभवर्तमानात या स्तोत्राचा एक विलक्षण प्रसंग आहे. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि याच स्तोत्राचा दाखला देऊन सांगतो, मार उडी, देवदूत झेलतील. येशू नकार देतो. देवाची परीक्षा घेऊ नकोस, म्हणतो. म्हणजे संरक्षणाचं वचन घेऊन मुद्दाम कड्यावरून उडी मारणं हा भरवसा नव्हे, असं त्या धर्माचा ग्रंथच सांगतो. दानिएलाच्या पुस्तकातले तीन तरुण आगीच्या भट्टीपुढं उभे असताना म्हणतात, आमचा देव सोडवील; आणि नाही सोडवलं तरी आम्ही हटणार नाही.

रमाबाईंच्या दोन भरवशांतला फरक मला इथं दिसतो. अनंतशास्त्रींच्या घरातला भरवसा व्यवहाराचा होता: आम्ही दिलं, आता तू दे. हा व्यवहार काही एकाच धर्मात चालतो असं समजू नका. नवस, तेल, मेणबत्ती, ताईत, सगळीकडं दुकान सारखंच. असा भरवसा दुष्काळात मोडतो, कारण देव करार पाळत नाही असं वाटायला लागतं. केडगावातल्या भरवशात करार नव्हता. मुलगी गेली तरी तो मोडला नाही. शेवटच्या दिवसांपर्यंत बाई बायबलची मुद्रितं तपासत होत्या. काम पुरं व्हायला दहा दिवस मिळावेत एवढी प्रार्थना त्यांनी केली, अशी आठवण मुक्तीच्या परिवारात सांगतात. ते पूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं.

तुम्ही देव मानता की नाही, हा तुमचा प्रश्न. रमाबाईंचं धर्मांतर पटतं की नाही, हाही. पण आपल्या तालुक्यात दुष्काळ अजून येतो, टँकर अजून लागतात आणि प्रत्येक वेळी दोन प्रकारची माणसं दिसतात. एक सगळं देवावर टाकून हात झटकणारी, दुसरी गाठीला पैसा असेल तेवढ्याच माणसांना आत घेणारी. बाई या दोन्हींत बसत नाहीत. त्यांनी विहीरही खोदली आणि विहिरीला पुरेल त्याच्या कितीतरी पट माणसं काठावर आणून बसवली.

मुक्ती मिशन केडगावात आजही चालू आहे. रेल्वेनं जाताना स्टेशन लागतं, बहुतेक जण मान वर करूनही बघत नाहीत. आपल्या भागात अनेक घरं अशी असतील की कुणाची पणजी दुष्काळात तिथं आली, वाढली, शिकली. तुमच्या घरात अशी कुणी असेल आणि तिची गोष्ट सांगणारं माणूस अजून हयात असेल, तर बसा त्यांच्याजवळ, विचारा, वहीत उतरवून ठेवा. सरकारी कागदात त्या मुलींची फक्त संख्या आहे. नावं आणि गोष्टी तुमच्याच घरात आहेत.