डिस्क गेली, डेटा राहिला

मौद्याहून बोलतोय. आज पॅरिटीची गोष्ट.

१९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी हिशेब मांडला: एक स्वस्त डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते. अशा १०० जोडल्या, तर सरासरी ३०० तासांतच एखादी जाणार. दोन आठवडेसुद्धा नाहीत!

उपाय? डेटा डिस्कांवर वाटायचा, सोबत पॅरिटी ठेवायची. तीन डिस्कवर १, ०, १ असेल तर पॅरिटी ०. म्हणजे १ ची संख्या कायम सम. पहिली डिस्क गेली, तरी तिथं १ होता हे बाकीच्यांवरून कळतं. सगळी पॅरिटी एकाच डिस्कवर ठेवली तर तिच्याच दारात रांग लागते. म्हणून रेड-५ मध्ये ती सगळ्या डिस्कांवर फिरती असते.

आमच्या मौद्यात एनटीपीसीचं वीजकेंद्र आहे, म्हणून प्रश्नही विजेचाच: डेटा लिहिला आणि पॅरिटी लिहायच्या आधीच लाइन गेली तर? पॅरिटी खोटी ठरते. पुढे डिस्क गेली की चुकीचा डेटा परत येतो, तोही गुपचूप. २००५ मध्ये सनच्या झेडएफएस फाइल सिस्टिमनं तोड आणली: जुन्याला हात न लावता डेटा आणि पॅरिटी नव्या जागी पूर्ण लिहायची, मगच पत्ता बदलायचा.

पण मंडळी, डिलीट केलेला फोटो पॅरिटी परत देत नाही. त्याची कॉपी वेगळीच ठेवा.