खाटेजवळची शुश्रूषा
रुग्णालयातील परिचर्या साहाय्यकाने, म्हणजे वॉर्डातल्या ‘मावशी’ किंवा ‘मामां’नी, खाटेवरच्या रुग्णाची करावयाची रोजची देखभाल. महाबळेश्वर तालुक्यात तिची परंपरा पाचगणीच्या क्षयरोग आरोग्यधामांची. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये स्थापलेले बेल-एअर पुढे रेडक्रॉसकडे आले. प्रतिजैविके येण्यापूर्वी हवा, आहार, विश्रांती आणि शुश्रूषा हाच मुख्य उपचार होता.

चादरीची सुरकुती क्षुल्लक वाटते. निपचित पडलेल्याला तीच बोचते. म्हणून चादर ताणून बसवतात, साधारण दर २ तासांनी कूस बदलतात आणि माकडहाड, टाचा लाल झाल्या का ते पाहतात. लाल जागा चोळायची नाही, परिचारिकेला दाखवायची. अर्धांगवायूत सदऱ्याची बाही आधी लुळ्या हातात घालतात. काढताना तो हात शेवटी.

ही कामे रुग्णाला सांगून करतात. श्वास मात्र त्याला न सांगता, पूर्ण मिनिटभर मोजतात. सांगितले की लय बदलते.